लपवणारा बेसिल, शोधणारा बेसिल: ‘फॉल्टी टॉवर्स’च्या दुसऱ्या पर्वातले लाडके भाग

प्रश्न असा आहे: ‘फॉल्टी टॉवर्स या हॉटेलात घडणाऱ्या ब्रिटिश विनोदी मालिकेचं पहिलं पर्व बघून झालं, आवडलं. दुसऱ्या पर्वातले चाहत्यांचे लाडके भाग कोणते? ते इतके लाडके का? आणि विनोदी एकांकिका लिहिणाऱ्याने त्यातून नेमकं काय उचलावं?’

मी बरीच वर्षं फार्स बसवतो आहे, आधी हौशी रंगभूमीवर आणि नंतर व्यावसायिक. मध्ये मध्ये मालिकांसाठीही लिहितो. त्यामुळे हे उत्तर चाहत्याचं कमी आणि रंगमंचावरची दारं मोजत बसणाऱ्या माणसाचं जास्त वाटेल. कथानकं उघड करूनच बोलावं लागणार आहे. कोरं बघायचं असेल तर आधी सहाही भाग बघून या. एकेक भाग अर्ध्या तासाहून थोडाच मोठा आहे, एका रविवारी आटपेल.

घाईत असणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात. चाहते जमले की सगळ्यात आधी नाव निघतं ते ‘द किपर अँड द कॉर्प्स’चं, म्हणजे हॉटेलात मेलेल्या पाहुण्याच्या भागाचं. त्याला टक्कर देतो ‘बेसिल द रॅट’. मग बहिऱ्या मिसेस रिचर्ड्सचा ‘कम्युनिकेशन प्रॉब्लेम्स’ आणि अमेरिकन पाहुण्याचा ‘वॉल्डॉर्फ सॅलड’. ‘दि अॅनिव्हर्सरी’ आणि ‘द सायकायट्रिस्ट’ सहसा मागे राहतात. या क्रमाशी मी बराचसा सहमत आहे, फक्त ‘अॅनिव्हर्सरी’वर अन्याय होतो असं माझं मत आहे. त्याबद्दल पुढे.

पार्श्वभूमी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी चार ओळी. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर टॉर्की नावाचं सुट्टीचं गाव आहे. मे 1970 मध्ये मॉन्टी पायथन या विनोदी गटाची मंडळी चित्रीकरणासाठी तिथे गेली आणि ग्लेनईगल्स नावाच्या हॉटेलात उतरली. मालक डोनाल्ड सिंक्लेअर. पाहुणे म्हणजे आपल्या कामात आलेला व्यत्यय, असा त्यांचा एकंदर खाक्या होता. एरिक आयडलची बॅग त्यांनी बाँब असेल म्हणून बाहेर भिंतीपलीकडे नेऊन ठेवली, आणि टेरी गिलियमला जेवताना काटा-सुरी कशी धरावी यावरून सुनावलं. बाकीचे वैतागून दुसरीकडे गेले, जॉन क्लीज मात्र मुद्दाम तिथेच राहिला. पत्नी कॉनी बूथ त्याला तिथे येऊन मिळाली. पुढे दोघांनी मिळून ही मालिका लिहिली आणि दोघांनी त्यात कामंही केली. तो हॉटेलमालक बेसिल झाला आणि ती वेट्रेस पॉली. पहिलं पर्व बीबीसीवर 1975 च्या शरद ऋतूत आलं, दुसरं थेट 1979 मध्ये. मधल्या काळात दोघांचा घटस्फोट झाला, तरी लेखन एकत्रच. पर्वं दोन, भाग बारा, आणि मग दोघं थांबले. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने 2000 साली ब्रिटिश दूरचित्रवाणीवरच्या सर्वोत्तम कार्यक्रमांची यादी केली, तिच्यात पहिला क्रमांक याच मालिकेचा होता.

दुसऱ्या पर्वाचा दिग्दर्शक बदलला. बॉब स्पायर्स आला. टेरी नावाचा स्वयंपाकीही याच पर्वात आला. ब्रायन हॉलने तो असा केलाय की हा माणूस याआधी कुठून कुठून हाकलला गेला असेल हे न सांगता कळतं. संहिता लांबीला त्या काळच्या अर्ध्या तासाच्या मालिकेच्या जवळपास दुप्पट असायच्या, आणि सगळं स्टुडिओत समोर बसलेल्या प्रेक्षकांपुढे चित्रित व्हायचं. म्हणजे आपल्या नाटकासारखंच. हशा आला की नट थांबतात, हशा उतरायला लागला की पुढचं वाक्य टाकतात. हे कान देऊन ऐकण्यासारखं आहे. प्रुनेला स्केल्सची सिबिल, म्हणजे बेसिलची बायको, हशा पूर्ण संपू देत नाही. तो अर्ध्यावर असतानाच तिचा ‘बेसिल!’ येतो आणि त्याचा दुसरा हशा होतो.

आता मुद्द्याचं. बेसिल फॉल्टी दोन प्रकारचा असतो. एक काहीतरी लपवणारा आणि दुसरा काहीतरी शोधणारा. दुसऱ्या पर्वातले लाडके भाग म्हणजे जवळजवळ सगळे लपवणाऱ्या बेसिलचे. आणि लपवायची वस्तू जितकी ठोस, जितकी हातात धरता येण्यासारखी, तितका तो भाग वरच्या क्रमांकावर. प्रेत, उंदीर, नोटांची गड्डी. कारण साधं आहे. वस्तू कुठे आहे हे प्रेक्षकाला माहीत असलं की घरातल्या प्रत्येक दाराला किंमत येते. दार उघडलं की काय दिसेल या काळजीनेच माणूस हसायला लागतो, वाक्याची वाट बघत नाही.

‘किपर अँड द कॉर्प्स’ घ्या. लीमन नावाचा पाहुणा रात्री ‘बरं वाटत नाही’ म्हणतो आणि सकाळचा नाश्ता खोलीत मागतो. बेसिलला हा आळस वाटतो, तो टोमणे मारतो. पाय दुखतायत का, वगैरे. रात्रीत लीमन मरतो. सकाळी बेसिल ट्रे घेऊन जातो. ट्रेमध्ये किपर, म्हणजे धुरावलेले हेरिंग मासे, आणि तेही मुदत उलटून गेलेले. पाहुणा उशीला टेकून बसलेला आहे. बेसिल ट्रे ठेवतो, वर्तमानपत्र देतो आणि मोटार कारखान्यातल्या संपावर भाषण झोडतो. समोरून उत्तर नाही. बेसिलच्या मते हा उद्धटपणा. साधे आभार नाहीत! खाली येऊन तो कुरकुरतो. दूध द्यायला पॉली जाते तेव्हा तिला कळतं.

इथे लेखकांनी काय केलंय बघा. बेसिलला पहिल्यांदा दुःख होत नाही, घबराटही प्रेताची नाही. घबराट माशांची आहे. आपल्या शिळ्या किपरनी माणूस मारला! तो मासे स्वेटरखाली कोंबतो. डॉक्टर तपासून सांगतात की मृत्यू होऊन बरेच तास झालेत, म्हणजे नाश्त्याच्या कितीतरी आधी. बेसिल आनंदाने उड्या मारायच्या बेतात येतो. एक माणूस मेलाय आणि हॉटेलमालक सुटलो म्हणून हरखलाय. पात्ररचनेवर मी दोन तास बोललो तरी याहून जास्त सांगता येणार नाही. मग प्रेत उचलताना स्वेटरमधले मासे खाली पडतातच.

पुढचा सगळा भाग म्हणजे प्रेत एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणं. बेसिल आणि त्याचा स्पॅनिश वेटर मॅन्युएल ते उचलून फिरतात, हॉटेलात कायम राहणाऱ्या म्हाताऱ्या मिस टिब्सना ते दिसतं, त्या किंचाळतात, बेशुद्ध होतात आणि प्रेतासोबत कपाटात कोंबल्या जातात. खाली डॉक्टर सॉसेजची वाट बघत बसलेत. डॉक्टर म्हणजे जेफ्री पामर, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता काम करणारा नट. त्याला बिचाऱ्याला अख्ख्या भागात नीट नाश्ता मिळत नाही. लीमनचे सहकारी त्याला न्यायला येतात, आणि बेसिलला वाटतं की ही मंडळी धुण्याचे कपडे न्यायला आलीत. इंग्रजी उच्चारात ‘लीमन’ आणि ‘लिनन’ जवळजवळ येतात त्याचा हा घोळ. शेवटी सगळे एकदम बेसिलवर तुटून पडतात, तेव्हा तो धुण्याच्या टोपलीत शिरतो आणि टोपली बाहेर जाते. ज्या टोपलीने प्रेत लपवायचं तिनेच मालकाला लपवलं.

लीमन झालेल्या डेरेक रॉयलबद्दल दोन शब्द. प्रेताची भूमिका सोपी वाटते, ती नसते. उचलल्यावर मान कुठे पडते, हात कुठे लोंबतो, टेकवल्यावर धड कसं घसरतं, हे सगळं नटाला श्वास रोखून सांभाळावं लागतं आणि तरी अंग ढिलं सोडावं लागतं. रॉयलला कसरतींचं अंग होतं. आमच्याकडे तालमीत प्रेताच्या कामाला सगळ्यात नवखा पोरगा उभा करायची पद्धत आहे. नका करू. अनुभवी नट घ्या.

ही कल्पना आली कुठून, हेही सांगण्यासारखं आहे. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात काम केलेल्या एका स्नेह्याला क्लीजने विचारलं की हॉटेल चालवताना सगळ्यात मोठी डोकेदुखी कोणती. उत्तर आलं, रात्रीत मेलेल्या पाहुण्यांना गाजावाजा न होता बाहेर काढणं. त्या स्नेह्याचं नाव अँड्र्यू लीमन. लेखकाने तेच आडनाव प्रेताला देऊन टाकलं. एकांकिकेसाठी विषय शोधत असाल तर हा प्रश्न कोणत्याही धंद्यातल्या माणसाला विचारून बघा. मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापकाला विचारा, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला विचारा. ‘गमतीदार किस्सा सांगा’ म्हणालात तर घासून गुळगुळीत झालेलं काहीतरी हाती लागेल. डोकेदुखी विचारा.

‘कम्युनिकेशन प्रॉब्लेम्स’मध्ये लपवायची गोष्ट लहान आहे, नोटा. पण रचना माझ्या मते अख्ख्या मालिकेतली सगळ्यात घट्ट. मिसेस रिचर्ड्स या भागामुळे अजरामर झाल्या. जोन सँडर्सन ही नटी शाळेतल्या कडक बाईच्या भूमिकेमुळे ब्रिटिश प्रेक्षकांना आधीच माहीत होती. बाईंना कमी ऐकू येतं, कानाचं यंत्र आहे, पण बॅटरी संपते म्हणून त्या ते चालू करत नाहीत. एवढ्या एका तपशिलात कंजूषपणा, हेका आणि तक्रारखोरपणा तिन्ही आले. खोलीतून समुद्र दिसत नाही ही त्यांची तक्रार. त्यावर बेसिलचं ते गाजलेलं उत्तर आहे, की टॉर्कीतल्या हॉटेलच्या खिडकीतून बाईंना दिसायला काय हवं होतं? सिडनीचं ऑपेरा हाऊस? बॅबिलॉनच्या झुलत्या बागा? उधळत जाणारे रानटी प्राण्यांचे कळप? चाहते हे वाक्य पाठ म्हणतात. मी मात्र त्यानंतरचं यंत्राचं दृश्य वरचं मानतो. बेसिल नुसते ओठ हलवतो, आवाज काढत नाही. बाई यंत्राचा आवाज वाढवतात, आणखी वाढवतात, आणि मग तो ओरडतो. क्रूर आहे, पण प्रेक्षक त्याच्या बाजूने असतो, कारण त्याआधी दहा मिनिटं बाईंनी सगळ्यांना पुरेसं छळलेलं असतं. क्रूर विनोद करायचा तर त्याचे पैसे आधी भरावे लागतात, आणि या दोघांनी ते नेहमी भरले.

आता पैशाचा प्रवास. एक पाहुणा घोड्याची टिप देऊन जातो. सिबिलने जुगाराला बंदी घातलेली. बेसिल चोरून पैसे लावतो, ड्रॅगनफ्लाय जिंकतो, पंच्याहत्तर पौंड हातात येतात. मॅन्युएलला तो बजावतो की तुला या घोड्याबद्दल काहीही माहीत नाही. सिबिलला संशय आल्यावर पैसे पॉलीचे ठरतात. पॉलीला घोड्याचं नाव आठवत नाही आणि बेसिल सिबिलच्या पाठीमागे हातवारे करून ते सुचवतो. मग पैसे मेजरकडे, म्हणजे हॉटेलात कायम राहणाऱ्या म्हाताऱ्या निवृत्त लष्करी माणसाकडे, ठेवायला जातात. ज्या माणसाला आज वार कोणता हे आठवत नाही, त्याच्याकडे! तिकडे मिसेस रिचर्ड्स ओरडतात की माझ्या खोलीतून पंच्याऐंशी पौंड चोरीला गेले, आणि बेसिलच्या हातातले पैसे माझेच. बेसिल तिचा दावा खोडायला साक्षीदार बोलावतो, मॅन्युएलला. सांग बाबा, मी ते कसे मिळवले. आणि मॅन्युएल, ज्याला अख्ख्या मालिकेत एकही हुकूम नीट पाळता आला नाही, तो छाती फुगवून सांगतो, मला काहीही माहीत नाही.

हा क्षण माझ्या कार्यशाळेत मी हमखास दाखवतो. पेरणी कुठे झाली आणि उगवलं कुठे, यातलं अंतर बघा. पेरताना ते वाक्य विनोद म्हणून आलंच नव्हतं, साधी सूचना होती. प्रेक्षक ती विसरलेला असतो. लेखक विसरलेला नसतो.

शेवटी कळतं की बाईंनी आपले पैसे जुन्या वस्तूंच्या दुकानात विसरले होते, आणि तिथूनच घेतलेला फुलदाणीसारखा एक महागडा नग त्यांच्याकडे पोचतो. काही सेकंद बेसिल दहा पौंडांनी पुढे असतो. आयुष्यात पहिल्यांदा जिंकतोय असं तो म्हणतो. तेवढ्यात मेजरला नेमकं तेव्हाच सगळं आठवतं, घोडा, पैसे, सगळं, आणि तेही सिबिलसमोर. बेसिलच्या हातातून तो नग सुटतो. किंमत पंच्याहत्तर पौंड. हिशेब तिथल्या तिथे चुकता.

2024 च्या मे महिन्यात लंडनच्या वेस्ट एंडला या मालिकेचं नाटक आलं. क्लीजने तीन भाग एकत्र गुंफले, त्यातले दोन पहिल्या पर्वातले. दुसऱ्या पर्वातून त्याने एकच उचलला, तो हाच. माझ्या लेखी त्याचं कारण उघड आहे. नोटा एका हातातून दुसऱ्या हातात जाताना शेवटच्या रांगेतूनही दिसतात, सगळी हालचाल बहुतेक स्वागतकक्षाभोवती आहे, आणि क्लोजअपची गरज कुठे पडत नाही.

‘बेसिल द रॅट’ नाटक म्हणून बसवणं अवघड ते याचसाठी. तो कॅमेऱ्याचा फार्स आहे. आरोग्य निरीक्षक येतो, स्वयंपाकघर तपासतो आणि त्रुटींची एक लांबलचक यादी सपाट आवाजात वाचून दाखवतो. त्यात पाण्याच्या टाकीतली दोन मेलेली कबुतरंही असतात. सुधारायला मुदत थोडी, नाहीतर हॉटेल बंद. इकडे मॅन्युएलने खोलीत उंदीर पाळलाय. दुकानदाराने त्याला सैबेरियन हॅमस्टर म्हणून विकलाय, आणि मॅन्युएलने प्रेमाने त्याचं नाव बेसिल ठेवलंय. उंदीर निसटतो. त्याला मारायला मांसाच्या एका तुकड्याला विष लावतात, तो तुकडा बाकीच्यांत मिसळतो. निरीक्षक परत येतो आणि जेवणात नेमकं तेच मागतो. म्हणजे आता लपवायच्या गोष्टी दोन आहेत. एक जिवंत, पळणारी, आणि दुसरी ताटात. मेजर बंदूक घेऊन उंदरामागे. शेवटी निरीक्षकापुढे बिस्किटांचा डबा उघडला जातो, आत बिस्किटांमधून डोकं वर काढलेला उंदीर, आणि बेसिल अत्यंत सभ्यपणे विचारतो की आपण उंदीर घेणार का.

या प्रसंगात कोणीही ओरडत नाही हे लक्षात घ्या. अर्धा तास सगळे पळतायत, किंचाळतायत, आणि शिखरावर आल्यावर सगळे गोठतात. निरीक्षकाला वाटतं आपल्यालाच भास झाला. मग मागे बेशुद्ध बेसिलला मॅन्युएल फरफटत बाहेर नेतोय, आणि सिबिल निरीक्षकाला पावसाबद्दल काहीतरी बोलते. मालिकेतलं हे शेवटचं वाक्य. प्रसारणाची गंमत अशी की बीबीसीतल्या संपामुळे हा भाग बाकीच्यांबरोबर वसंतात न येता थेट 25 ऑक्टोबर 1979 ला दिसला. मेलेल्या पाहुण्यासमोर संपावर तोंडसुख घेणाऱ्या बेसिलचा शेवटचा भाग संपातच अडकला.

‘वॉल्डॉर्फ सॅलड’ चाहत्यांना आवडतो तो शिक्षा म्हणून. इतके भाग बेसिल पाहुण्यांना हाडतहुडुत करतो आणि सभ्य इंग्रज गप्प बसून सोसतात. मग मुसळधार पावसात मिस्टर हॅमिल्टन येतो. अमेरिकन, मोठ्या आवाजाचा, महामार्गाला गल्ली म्हणणारा. हे काम करणारा ब्रूस बोआ मूळचा कॅनडाचा. पुढच्याच वर्षी ‘स्टार वॉर्स’च्या दुसऱ्या चित्रपटात तो सेनापती झाला. स्वयंपाकघर बंद झालंय म्हटल्यावर हॅमिल्टन आचाऱ्याला थांबवण्यासाठी वीस पौंड देतो. बेसिल टेरीला घरी पाठवतो आणि पैसे खिशात घालतो. मग हॅमिल्टन मंडळींना हवं असतं वॉल्डॉर्फ सॅलड. सेलरी, सफरचंद, अक्रोड, द्राक्षं आणि मेयोनेज. बेसिलला हे नावही माहीत नाही. तो आत जाऊन गैरहजर टेरीशी खोटंखोटं भांडतो, दोघांचे आवाज स्वतःच काढून.

इथपर्यंत हा उत्तम लपवणुकीचा फार्स आहे आणि लपवलंय काय, तर आचाऱ्याची गैरहजेरी. पण ते उघडं पडल्यावर भाग समोरासमोरच्या भांडणावर जातो आणि माझ्या मते तिथे थोडा सैल होतो. सगळे पाहुणे एकामागून एक तक्रारी करायला लागतात ते टाळ्यांचं दृश्य आहे, पण फार्सचं यंत्र थांबलेलं असतं. त्याला वाचवतो मेजर. हॅमिल्टन म्हणतो की पश्चिम युरोपातलं हे सगळ्यात भिकार हॉटेल आहे. मेजर ताडकन उठतो. आता हा मालकाची बाजू घेणार असं वाटतं. तर तो म्हणतो, नाही, हे मी ऐकून घेणार नाही, ईस्टबर्नला एक आहे. बॅलर्ड बर्कलीने ते इतक्या प्रामाणिकपणे म्हटलंय की ऐकतच राहावं.

‘दि अॅनिव्हर्सरी’ लोक का टाळतात हे मला कळतं. तो बघवत नाही. लग्नाचा पंधरावा वाढदिवस. मागच्या वर्षी बेसिल तो विसरला होता. या वर्षी मित्रमंडळींना गुपचूप बोलावून सिबिलला चकित करायचं ठरवतो आणि गंमत म्हणून आपण विसरलो असं नाटक करतो. सिबिल खरंच दुखावते, गाडी घेऊन निघून जाते. पाहुणे येतात. बेसिल सांगतो, ती आजारी आहे, वर झोपली आहे. एक पाहुणी नेमकी नर्स निघते. मग पॉलीला विग घालून, अंधारात, पलंगावर सिबिल म्हणून झोपवलं जातं. त्याआधी पॉली गाडीसाठी हवे असलेले शंभर पौंड बेसिलकडून कबूल करून घेते, हाही एक उत्तम तपशील. खरी सिबिल परतल्यावर तिला स्वयंपाकघरातल्या कपाटात ढकलतात आणि पाहुण्यांना सांगतात की ही तिच्यासारखी दिसणारी दुसरीच कोणी बाई.

बाकी भागांत लपवायचं काहीतरी घरात असतं. इथे लपवायचं ते घरात नाहीच, बायको. आणि पहिल्यांदाच बेसिलच्या मनात सुरुवातीला काही वाईट नव्हतं. पंधरा वर्षांत एक चांगली गोष्ट करायला निघालेला माणूस ‘मी विसरलो नव्हतो’ हे वाक्य वेळेवर म्हणू शकत नाही, कारण त्याआधी थोडी मजा करून घ्यायची होती. पाहुणे गेल्यावर तो सुस्कारा टाकतो. हे सोपं होतं, अवघड ते आता, असं काहीसं म्हणून कपाटाकडे वळतो. हसू येतं आणि पोटात खड्डाही पडतो. दुसऱ्यांदा बघाल तेव्हा तो वरच्या दोनांत नक्की येईल.

राहिला ‘द सायकायट्रिस्ट’. नट फर्मास, काही जागा जबरदस्त. मानसोपचारतज्ज्ञ पाहुणा सुट्ट्यांबद्दल विचारतो, ‘तुम्हा दोघांना किती वेळा जमतं?’, आणि बेसिलला वाटतं हा शयनगृहातलं विचारतोय. ती जागा पाच मिनिटं चालवून दाखवली आहे. पण या भागात बेसिल लपवत नाही, शोधतो. एका पाहुण्याच्या खोलीत चोरून आणलेली पोरगी आहे असा त्याला संशय. संशय खराही असतो. पण तो सगळ्यांसमोर दार उघडायला लावतो तेव्हा आतून पाहुण्याची आई बाहेर येते. रचना बिनचूक, तरी ताण कमी. शोधणाऱ्याला कधीही थांबता येतं. लपवणाऱ्याला थांबता येत नाही. त्यात त्या ऑस्ट्रेलियन पाहुणीबरोबरचे पुन्हा पुन्हा होणारे लाजिरवाणे अपघात आज जुने वाटतात.

जुनं वाटण्याचाच विषय निघालाय तर मॅन्युएल. भाषा न येणारा परदेशी वेटर, त्याला मालकाच्या थपडा. आज असं पात्र लिहायला घेतलं तर मी दहा वेळा विचार करेन. या पर्वात मात्र त्याचा वापर सुधारलेला दिसतो. उंदरावर जीव लावणारा, पाएला हा स्पॅनिश भात मीच करणार म्हणून टेरीशी भांडणारा, अभिमान असलेला माणूस दिसतो. मॅन्युएल झालेला अँड्र्यू सॅक्स स्वतः बर्लिनमध्ये जन्मलेला, नाझींच्या छळामुळे 1938 मध्ये कुटुंबासह लहानपणी इंग्लंडला आलेला. परक्या देशातला गोंधळलेला चेहरा तो बाहेरून बघून करत नव्हता, एवढं जाणवतं.

तुमच्या एकांकिकेसाठी आता कामाचं. संवाद उचलू नका, बेसिलचे टोमणे तर नकोच. ते क्लीजच्या उंच अंगकाठीवर आणि ब्रिटिश वर्गव्यवस्थेवर उभे आहेत. आधी कागदावर घराचा नकाशा काढा. दारं किती आणि प्रत्येक दारामागे काय हे लिहा. मग एक वस्तू ठरवा जी कोणालातरी दिसता कामा नये, आणि कोणाला, तेही ठरवा. हे प्रत्येक भागात बदलतं हे पाहिलंत का? प्रेत पाहुण्यांपासून लपवायचं आणि त्या कामात सिबिल बेसिलच्या बाजूने. पैसे सिबिलपासून. उंदीर सरकारी माणसापासून. नातं बदललं की तोच फार्स नवा होतो. नायकाला एक भीती द्या, ती मृत्यूची किंवा पोलिसांची नको. लोक काय म्हणतील, एवढीच. बेसिलला सगळ्यात जास्त भीती वाटते ती हॉटेल सामान्य दर्जाचं ठरण्याची. आपल्याकडे याची उदाहरणं शोधायला लांब जावं लागणार नाही, सोसायटीच्या वार्षिक सभेला जा.

आणि वेग. नवीन मंडळी फार्स म्हटलं की पहिल्या मिनिटापासून धावायला लागतात. ‘किपर’ची पहिली दहा मिनिटं पुन्हा बघा. किती निवांत आहे. पाहुणे, कुत्रं घेऊन बसलेली एक खडूस बाई, तिच्या कुत्र्याच्या सॉसेजमध्ये तिखट घालणारे मॅन्युएल आणि पॉली. सगळी माणसं नीट ओळखीची झाल्याशिवाय माणूस मरत नाही.

बघण्याचा क्रम विचारलात तर मी असा सांगेन. ‘कम्युनिकेशन प्रॉब्लेम्स’, मग ‘वॉल्डॉर्फ’, मग ‘किपर’. ‘सायकायट्रिस्ट’ मध्ये कुठेही चालेल. ‘अॅनिव्हर्सरी’ एकट्याने बघा, घरच्यांबरोबर नको, विशेषतः लग्नाचा वाढदिवस जवळ आला असेल तर. ‘बेसिल द रॅट’ शेवटी, आणि तो झाला की बिस्किटांच्या डब्याचं दृश्य एकदा आवाज बंद करून बघा. नजर बेसिलवर ठेवू नका, निरीक्षकाच्या चेहऱ्यावर ठेवा. जॉन क्वॉर्म्बी नावाचा नट आहे. काहीही करत नाही, आणि सगळा प्रसंग त्याच्या जिवावर उभा आहे.